आई सावरली, तर बाळ सावरेल
(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात स्त्रीरोग व प्रसूती विभागाच्या वतीने झालेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी मी एक अवघड विषय आपल्यापुढे मांडणार आहे. अफूजन्य औषधांच्या आहारी गेलेल्या गर्भवती स्त्रीचा उपचार, हा तो विषय होय.

अफू आपल्या समाजाला परकी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या अनेक माता तान्ह्या मुलांना निजवण्यासाठी अफूची ‘बाळागोळी’ देत असत. त्या निर्दय नव्हत्या; घरी मूल सांभाळणारे कोणी नव्हते. आजही व्यसनाची वाट पुष्कळदा वेदनेपासूनच सुरू होते. कंबरदुखीवर ट्रॅमाडॉलची गोळी, खोकल्यावर कोडीनयुक्त औषध, आणि पुढे त्यावाचून दिवस सरत नाही. २०१८ साली ट्रॅमाडॉल अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले. परंतु शरीराला जडलेली सवय कायद्याने सुटत नाही.

अशा स्त्रीला दिवस राहिले की घरातील वडीलधारी मंडळी कळवळून म्हणतात, “डॉक्टर, हे समदं आजच बंद करा, लेकराला काही व्हायला नको.” भावना योग्य आहे, उपाय मात्र घातक ठरू शकतो. औषध एकाएकी तोडल्यास मातेला तीव्र त्रास होतो, गर्भपाताचा किंवा अकाली प्रसूतीचा धोका संभवतो आणि ती पुन्हा व्यसनाकडे वळण्याची शक्यता फार असते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली सुचविले की, गर्भारपणात व्यसन तोडण्याची घाई करण्याऐवजी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन हे औषध वैद्यकीय देखरेखीखाली चालू ठेवावे. ‘एक नशा सोडवून दुसरी लावता काय?’ असे विचारले जाते. मधुमेही मातेचे इन्सुलिन आपण थांबवीत नाही. जिभेखाली विरघळणारी ब्युप्रेनॉर्फिनची ठरावीक मात्रा नशेसाठी नसते. ती शरीरातील चढउतार शांत करते.

अशा मातेचे बाळ जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत थरथरू शकते, सतत रडते, नीट दूध ओढत नाही. ही अवस्था तात्पुरती असून तिच्यावर उपचार आहेत. आईच्या उराशी धरणे, शांत व मंद उजेडाची जागा आणि उपचारांवर स्थिरावलेल्या आईचे दूध हे पहिले उपाय. काही बाळांना औषधही द्यावे लागते.

प्रसूतिगृहातही एक सावधगिरी हवी. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन घेणाऱ्या मातेला पेंटाझोसीनसारखे परिचित वेदनाशामक इंजेक्शन दिल्यास औषध तुटल्यासारखा तीव्र त्रास उद्भवू शकतो. ती काय घेते, हे आम्हाला आधी ठाऊक असले पाहिजे. पण तिने खरे सांगावे, एवढा विश्वास तिला आपल्याविषयी वाटतो काय? खरा प्रश्न इथेच आहे. बदनामीच्या भयाने ती गप्प राहते आणि त्या मौनाची किंमत बाळ मोजते.

साधने अगदीच नाहीत असे नाही. नांदेडला १९८८ पासून व लातूरला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून व्यसनी माणसाला रुग्ण मानून सांभाळीत आले आहे. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार मनोरुग्णालयात वा व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेणाऱ्या मातेपासून तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करता येत नाही. उणीव आहे ती स्त्रीरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांना एका धाग्यात ओवण्याची.

देणगीदारांनी यासाठी नवी इमारत उभारावी, अशी अपेक्षा नाही. किनवट किंवा देवणीहून वारंवार येणाऱ्या मातेचे बसभाडे, नवजात कक्षालगत तिच्यासाठी एक खाट आणि दार लावून निःसंकोच बोलता येईल अशी एक खोली, एवढे पुरेसे आहे. आणि नातेवाइकांना हात जोडून विनंती: तिला रागावू नका, औषध परस्पर बंद करू नका, तिला घेऊन या.