सहा तासांच्या आत

करंजाडेहून उत्तरेला ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर आहे. भाजलेल्या रुग्णांसाठीच्या या रुग्णालयात त्वचापेढीही आहे.

खोल भाजल्यावर कातडीचे दोन्ही थर जळतात. मोठी जखम मग आपोआप भरत नाही. सर्जन मेलेला भाग काढतात आणि रुग्णाच्याच मांडीवरून कागदासारखा पातळ पापुद्रा उतरवतात. यंत्रातून फिरवला की त्याला बारीक चिरा पडतात. ताणला की जाळी होते. एवढ्याशा कातडीत मोठी जखम झाकली जाते.

पण निम्म्याहून जास्त अंग भाजलेल्याने एवढी कातडी आणायची कुठून?

दान केलेली त्वचा इथे जीव वाचवते. शरीर ती कायमची स्वीकारत नाही, काही आठवड्यांत ती गळते. तोवर जंतुसंसर्ग आणि जखमेतून झिरपणारं पाणी मात्र रोखते. अशी त्वचा साठवणारी शीव रुग्णालयाची त्वचापेढी 2000 साली सुरू झाली. ग्लिसरॉलमध्ये, 4 अंश सेल्सिअसला ही त्वचा 5 वर्षांपर्यंत टिकते. रक्तगट जुळवावा लागत नाही.

घरात मृत्यू झाला, तर 6 तासांच्या आत त्वचापेढीला कळवा. पथक घरी येतं, मांड्या, पाय आणि पाठीवरून पातळ थर घेतं. देह विद्रूप होत नाही.