मुलांच्या वाट्याची गल्ली



दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि 1949 साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींमधल्या मोकळ्या जागा पुढे दुकाने, कारखाने व इमारतींनी भरून गेल्या. अंबरनाथ-बदलापुरातही चाळींची अंगणे जाऊन बहुमजली संकुले आली. लगोरी, लंगडी, आट्यापाट्या यांना उरली ती केवळ गल्ली. तीही वाहनांनी व्यापली.

याचे मोल बालकांचे शरीर चुकवीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी 60 मिनिटे दमदार हालचाल करावयास हवी. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटे अधिक बाहेर नेण्यात आले. तीन वर्षांत त्यांच्यापैकी 30.4 टक्के मुलांना लघुदृष्टिदोष जडला. इतर मुलांत हे प्रमाण 39.5 टक्के होते. हा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. उघड्यावरील प्रकाश डोळ्यांचेही रक्षण करतो, हे त्यातून दिसते.

रस्त्यावर अपघात होईल, ही माता-पित्यांची भीती रास्तच आहे. परंतु त्यावरील उपाय बालकास घरात कोंडणे हा नसून काही काळ वाहन थांबविणे हा आहे. कोलंबियातील बोगोटा शहरात ही प्रथा 1974 साली सुरू झाली. मुंबईतही मार्च 2022 मध्ये पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते नागरिकांसाठी मोकळे केले होते.

जैन धर्मात साधूंना ईर्यासमिती सांगितली आहे. समोरची भूमी न्याहाळून, जीवास इजा न होईल असे पाऊल टाकावयाचे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे मूळ प्रमादात दाखविले आहे. मुंगीसाठी पाऊल जपण्याचा संस्कार ज्या घरांत आहे, त्या घरांतील दुचाकी गल्लीत शिरताना बालकासाठी मंद होऊ नये काय?

वरघोड्यासाठी रस्ता मोकळा होतो, तेव्हा कोणी कुरकुर करीत नाही. त्याच रीतीने वाहतूक पोलिसांची अनुमती घेऊन रविवारी सकाळी 7 ते 9 एक गल्ली मुलांना द्यावी. दोन्ही टोकांना तरुण मंडळाचे स्वयंसेवक उभे राहावेत, रुग्णवाहिकेस वाट राखावी, वडीलधाऱ्यांनी ओट्यावर बसून लक्ष ठेवावे. शेजारच्या सर्व समाजांच्या मुलांना त्यात समान प्रवेश असावा.

सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने अशी एक गल्ली जरी मोकळी केली, तरी तिन्ही गावांना वाट सापडेल.