टणकपणाचा आकडा आणि पोलादाचे अंतरंग



पोलादाच्या उष्णोपचाराचा आजचा व्यवहार बहुतांशी एका आकड्याभोवती फिरतो, आणि तो म्हणजे रॉकवेल यंत्राने दाखवलेला टणकपणाचा आकडा. ड्रॉइंगवर तोच लिहिलेला असतो, तपासणीत तोच पाहिला जातो आणि तो जुळला की माल मंजूर होतो. हा आकडा आवश्यक आहे, परंतु पुरेसा मुळीच नाही. असे का, हे समजण्यासाठी पोलादाच्या पोटात काय घडते तिथपासून सुरुवात केली पाहिजे.

शुद्ध लोखंडाच्या स्फटिकांतील अणूंची मांडणी ९१२ अंश सेल्सिअसला बदलते. त्या तापमानाखाली अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि केंद्रस्थानी असतात, तर त्याच्यावर ते कोपऱ्यांवर आणि सहाही पृष्ठांच्या मध्यभागी जाऊन बसतात. या वरच्या रूपात, म्हणजे ऑस्टेनाइटमध्ये, दोन टक्क्यांपर्यंत कार्बन विरघळू शकतो. खालच्या रूपात, म्हणजे फेराइटमध्ये, जेमतेम ०.०२ टक्के. उष्णोपचाराची सारी किमया या शंभरपट तफावतीत आहे. तापलेले पोलाद भट्टीतच सावकाश निवू दिले, तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळते आणि तो लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइटचे पातळ पापुद्रे तयार होतात. फेराइट आणि सिमेंटाइट यांच्या एकाआड एक थरांची ही रचना शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आणि तिच्यावरील मोत्यासारख्या झाकेमुळे ती पर्लाइट या नावाने ओळखली जाऊ लागली. असे पोलाद मऊ असते व लेथवर सहज कापले जाते.

तेच पोलाद लालबुंद असताना पाण्यात बुडवले, तर कार्बनला निघून जाण्याइतका वेळच उरत नाही. ०.४ टक्के कार्बनच्या पोलादात तापमान ३५० अंशांच्या आसपास उतरले की अणू एकदम सरकतात, कार्बन आतच अडकतो आणि ताणलेल्या जालकाची एक नवी रचना जन्माला येते. जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या सन्मानार्थ तिला १८९५ मध्ये मार्टेन्साइट हे नाव मिळाले. मार्टेन्साइट अतिशय टणक, पण तितकेच ठिसूळ असते. शिवाय ते तयार होताना धातू फुगतो. आधी पृष्ठभाग फुगून ताठ होतो आणि मागाहून आतला गाभा फुगू लागतो, तेव्हा पृष्ठभागावर येणारा ताण असह्य होऊन जॉबला तडा जातो.

पाणी देण्याची क्रियाही वाटते तितकी सरळ नाही. तप्त जॉब पाण्यात शिरताच त्याच्याभोवती वाफेचे आवरण तयार होते आणि ते आवरण टिकते तोवर उष्णता मंदपणे निघते. ते फुटल्यावर पाणी प्रत्यक्ष धातूला भिडून उकळू लागते आणि निववण्याचा वेग कितीतरी वाढतो. शेवटी उकळणे थांबून साध्या प्रवाहाने उरलेली उष्णता जाते. आवरण एका बाजूला आधी आणि दुसऱ्या बाजूला उशिरा फुटले, तर टणकपणा असमान होतो आणि जॉब वाकतो. लोहार छिन्नी पाण्यात सतत हलवत राहतो किंवा पाण्यात मीठ घालतो, त्यामागे हे आवरण लवकर मोडण्याचे शास्त्र आहे, आणि पुस्तकी शिक्षण घेतलेल्यांनी त्या अनुभवाचा आदर केला पाहिजे.

त्याच छिन्नीचे पुढचे काम अधिक नाजूक असते. केवळ धारेकडचा भाग बुडवून बाहेर काढला जातो, दगडाने घासून उजळ केला जातो, आणि मागच्या भागात उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकू लागली की त्या उजळ पृष्ठावर ऑक्साइडचा अतिपातळ थर चढत जाऊन रंग उमटतात : २२० ते २३० अंशांच्या सुमारास फिकट पिवळा, मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा आणि ३०० जवळ निळा. जांभळा रंग धारेपर्यंत पोहोचला की छिन्नी पूर्ण बुडवली जाते. या पुनर्तापनात, म्हणजे टेम्परिंगमध्ये, अडकलेल्या कार्बनपैकी काही भाग सूक्ष्म कार्बाइडच्या कणांच्या रूपाने बाहेर पडतो, जालकाचा ताण उतरतो आणि थोडा टणकपणा देऊन चिवटपणा पदरात पडतो. रंग तापमानाबरोबरच वेळेवरही अवलंबून असतो, म्हणून कारखान्यात केवळ त्याच्यावर विसंबता येत नाही.

आता मूळ मुद्दा. समजा, ७५ मिलिमीटर व्यासाच्या दोन शाफ्टांवर टणकपणाचा आकडा सारखाच, ३० आला. पैकी एक ईएन २४ या निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त पोलादाचा असून गाभ्यापर्यंत मार्टेन्साइट होऊन मग सुमारे ६०० अंशांवर पुनर्तापित झालेला आहे. दुसरा ईएन ८ या साध्या कार्बन पोलादाचा असून तो पुरेसा निवलाच नाही, त्यामुळे त्याच्यात फेराइट आणि पर्लाइट यांची भेसळ राहिली आहे आणि आकडा गाठण्यासाठी त्याचे पुनर्तापन कमी तापमानावर उरकले आहे. यंत्रापुढे दोन्ही समान. आघात आणि वारंवार पडणारा भार सोसताना मात्र दुसरा बराच आधी हार मानतो. टणकपणा किती खोलवर जाईल हे मिश्रधातू आणि निववण्याचा वेग ठरवतात. ते मोजण्याची सोपी रीत, म्हणजे १०० मिलिमीटर लांब व २५ मिलिमीटर व्यासाच्या तप्त दांड्याच्या एकाच टोकावर पाण्याचा फवारा सोडून पुढे लांबीभर टणकपणा मोजण्याची जॉमिनी चाचणी, १९३८ पासून उपलब्ध आहे. त्याआधी १९३० मध्ये डेव्हनपोर्ट आणि बेन यांनी तापमान, वेळ आणि रूपांतर यांचे आलेख मांडले होते. ज्ञान जुने आहे. अभाव आहे तो ते ड्रॉइंगवर उतरवण्याचा.

म्हणून या परिषदेत जमलेल्या अभिकल्पकांना आवाहन असे की, टणकपणाच्या आकड्याशेजारी पोलादाची जात, निववण्याचे माध्यम, पुनर्तापनाचे तापमान आणि त्याचा अवधी हेही लिहावे, आणि जोखमीच्या भागांच्या गाभ्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी मागावी. उष्णोपचार करणाऱ्यांना विनंती एवढीच की, पाणी दिलेला जॉब पुनर्तापनाविना रात्रभर ठेवू नये, कारण आत कोंडलेला ताण वाट पाहत नाही आणि सकाळी तडा गेलेला जॉब कोणत्याही भट्टीत पुन्हा जुळत नाही.