कर्ज काढावे की काढू नये?



मृग जवळ आला की घरोघरी एकच घोर असतो. बियाणे आणायचे, खत आणायचे. पैसा कुठून आणायचा? कुणी म्हणतो, "कर्जाच्या वाटेला जायचंच नाही, आहे त्यात भागवू." दुसरा म्हणतो, "सोसायटी देतेय ना, मग उचला की!" मी बरीच वर्षे गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे दप्तर सांभाळले. दोन्ही तऱ्हेची माणसे जवळून पाहिली. त्यावरून चार गोष्टी सांगतो.

कर्जाची भीती आपल्याकडे उगाच नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. पुढे १८७९ साली शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. आजची गावची सोसायटी त्याच वाटेने आलेली आहे.

आता "मी कर्ज काढत नाही" म्हणणाऱ्याचा हिशेब पाहू. तो सोसायटीत जात नाही, पण दुकानातून खत-औषध उधारीवर आणतो. समजा, रोखीने १,००० रुपयांना मिळणारा माल उधारीत १,१५० ला पडला आणि पैसे सहा महिन्यांनी दिले. हे वर्षाला ३० टक्के व्याज झाले! वहीत त्याला कुणी कर्ज म्हणत नाही, एवढेच. शिवाय ज्याची उधारी, त्यालाच माल घालावा लागतो, तो म्हणेल त्या भावाने.

आता सावकाराचे घ्या. "पाच रुपये शेकडा" ऐकायला थोडे वाटते. पण ते महिन्याचे असते, म्हणजे वर्षाला ६० टक्के. २०,००० रुपये जूनमध्ये घेतले आणि आठ महिन्यांनी फेडले, तर व्याजच ८,००० रुपये. तेच पीककर्ज केंद्राच्या व्याज सवलत योजनेतून ७ टक्क्यांनी मिळते आणि मुदतीत फेडले तर ४ टक्क्यांनी पडते. आठ महिन्यांचे व्याज साधारण ५३३ रुपये. राज्य सरकारचीही पंजाबराव देशमुख यांच्या नावाची व्याज सवलत आहे. तुम्हाला ती किती लागू होते, ते सोसायटीत किंवा बँकेत विचारा.

मग सरसकट कर्ज काढावे का? नाही. एक साधी कसोटी लावा. ज्या कामासाठी पैसा उचलता, ते काम तो पैसा परत आणून देणार आहे का? आणि फेडीच्या तारखेआधी देणार आहे का? बियाणे-खताचा पैसा सुगीला परत येतो. त्याला पीककर्ज योग्य. विहीर, मोटार, ठिबक यांचा पैसा वळायला काही वर्षे लागतात. त्याला हप्त्यांचे मध्यम मुदतीचे कर्ज घ्या. पीककर्जातून विहीर खणू नका. पाणी लागायच्या आत मुद्दल फेडायची वेळ येते. आणि लग्नकार्याचा पैसा शेतातून परत येत नाही. ऋण काढून सण केला, की पुढची पेरणी गहाण पडते.

आमच्या गावची एक गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. एका दादांनी मुलीच्या लग्नात पीककर्ज खर्च केले. मार्च महिना आला. ३१ तारखेच्या आत नवं-जुनं करायचे म्हणून त्यांनी आठ दिवसांच्या बोलीवर पाच रुपये शेकड्याने खासगी पैसे उचलले आणि खाते भरले. नवे कर्ज मंजूर व्हायला ऑगस्ट उजाडला. पाच महिने व्याज चढत राहिले. घरी बोलले नाहीत. जेवणावरची वासना उडाली, रात्र रात्र ओट्यावर बसून राहायचे. शेवटी वहिनींनीच खोदून खोदून विचारले, तेव्हा सगळे बाहेर आले. एक एकर गेली, पण माणूस वाचला. मार्चआधी माझ्याकडे आले असते, तर काही मार्ग काढता आला असता. मीही आपणहून विचारले नाही, ही चूक माझी.

म्हणून सांगतो, हे एवढे कराच:

१. कर्ज किती, कुणाचे, फेडीची तारीख कोणती, हे एका वहीत लिहा. ती वही घरातल्या बाईमाणसाला माहीत असू द्या.

२. खरिपाच्या पीककर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी ३१ मार्चला संपते. माल विकला की आधी सोसायटीचा पैसा बाजूला काढा.

३. सुगीला भाव पडला असेल तर घाईने विकू नका. बऱ्याच बाजार समित्यांत पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते.

४. पीक बुडाले आणि सरकारने आपत्ती जाहीर केली, तर पीककर्जाचे मध्यम मुदतीत रूपांतर करून मागा. घरी बसून राहू नका.

५. माफीच्या भरवशावर थकू नका. २००८, २०१७, २०१९ साली कर्जमाफ्या झाल्या, अनेकांना आधार झाला. पण पुढची कधी आणि कुणाला, हे कुणाच्या हातात नाही. थकबाकीदाराची व्याज सवलत जाते आणि नवे कर्जही अडते.

६. परवाना नसलेल्या सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या कायद्याने सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो.

मंडळी, कर्ज म्हणजे पाटाचे पाणी. बेताने आणि वेळेवर दिले तर पीक उभे राहते. मोकाट सोडले तर बांध फोडून जाते. दारं धरणारा जागा पाहिजे. आणि पाणी हाताबाहेर जातेय असे वाटले, तर रात्रीअपरात्री शेजाऱ्याला हाक मारा. तो येतो. कर्जाचेही तसेच आहे. हाक मारायला लाजू नका.