आवाज मागे, विमान पुढे



कापूस वेचताना डोक्यावरून विमान गेलं की आपण कपाळावर हात धरून वर बघतो. आवाज येतो तिकडे बघावं, तर तिथं काहीच नसतं. विमान कधीचं पुढं गेलेलं असतं. लहानपणी आम्हाला याचं मोठं नवल वाटायचं. कारण साधं आहे. दहा किलोमीटर उंचीवरून आवाज खाली यायला जवळपास अर्धं मिनिट लागतं. म्हणून आवाजाच्या पुढं बघायचं, मग विमान सापडतं.

आमच्या गटातल्या आम्ही तिघी-चौघी विमानांच्या वेड्या, त्यातही हवाई दलाच्या. 26 जानेवारीला दिल्लीची परेड टीव्हीवर लागली की आम्ही शेवटपर्यंत हलत नाही, कारण विमानं शेवटी येतात. मिग-21 हे विमान 1963 साली आपल्या हवाई दलात आलं आणि 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला निवृत्त झालं. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात ही विमानं बनली. पुढं सुखोईही तिथंच बनली.

लढाऊ विमान जोरात वळतं तेव्हा वैमानिकाचं वजन नऊ पटीपर्यंत वाढल्यासारखं होतं. पन्नास किलोच्या बाईला साडेचारशे किलोचा भार! रक्त डोक्याकडून पायाकडं ओढलं जातं आणि शुद्ध हरपू शकते. म्हणून पाय आणि पोट आवळून धरणारा खास पोशाख असतो.

हे बाईला झेपेल का, असं लोक विचारायचे. 1994 साली हरिता कौर देओल यांनी हवाई दलाचं विमान एकटीनं उडवलं, तेव्हा त्या 22 वर्षांच्या होत्या. 2016 साली अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग लढाऊ वैमानिक झाल्या. पुण्याच्या एनडीएतून मे 2025 मध्ये मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यात 17 जणी होत्या.

आता मनातलं सांगतो. दहावीनंतर आम्ही जवळच्या कॉलेजात कला शाखा घेतली. विमान उडवायला बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. दार कधी बंद झालं, ते कळलंही नाही.

यंदा आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलीवर तीच वेळ आली. तिला विज्ञान घ्यायचं होतं, पण ते कॉलेज तालुक्याला. घरचे म्हणाले, एवढ्या लांब पोरगी कशाला पाठवायची, त्यापेक्षा स्थळ पाहू. आम्ही पाचजणी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, हे सांगितलं. पुस्तकांसाठी गटातून अंतर्गत कर्ज दिलं. तिसऱ्या दिवशी तिचे वडील स्वतः प्रवेशाचा फॉर्म घेऊन आले.

ती वैमानिक होईलच असं नाही. पण दार उघडं आहे.

तुमच्या गावात दहावीतल्या मुली असतील, तर पुढच्या बैठकीत एवढं सांगा: एनडीएच्या परीक्षेला मुलींना फी नाही. वय साडेसोळा ते साडेएकोणीस लागतं. तयारीसाठी नाशिकला मुलींची शासकीय संस्था आहे, तिथं अकरावीपासून प्रवेश मिळतो. ही माहिती निकालानंतर नको, निकालाच्या आधी द्या. आवाज पोचेपर्यंत विमान पुढं गेलेलं असतं, बायांनो.

रामराम.