दोन आकड्यांमधली जागा



आम्ही काही गणिताचे पंडित नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण यंत्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तरी आज गणितावर बोलण्याचे धाडस करतो आहोत, कारण त्या गणितानेच आमची एक चूक आम्हाला दाखवून दिली.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात कामगारांची कुशल आणि अर्धकुशल अशी वर्गवारी झाली. परीक्षक दोन, गुण शंभरापैकी. सरासरी 75 आली तर माणूस कुशल. एका टर्नरला एका परीक्षकाने 50 दिले, दुसऱ्याने 90. आणखी एका कामगाराला दोघांनीही 70 दिले. सरासरी दोघांचीही 70. दोघेही अर्धकुशल ठरले, आणि युनियनतर्फे त्या यादीवर सही आम्हीच केली. पुढे कळले की, एका परीक्षकाने टर्नरला झिजलेल्या लेथवर पाहिले होते, दुसऱ्याने चांगल्या लेथवर. ते विचारायचे आम्हाला सुचलेच नाही.

1965 साली अमेरिकेत बर्कलीचे प्राध्यापक लोत्फी झादे यांनी 'फझी संच' मांडले. माणूस वर्गात आहे किंवा नाही, एवढेच न म्हणता तो किती अंशी बसतो, हे 0 ते 1 मधल्या आकड्याने सांगायचे. पण तो एक आकडा तरी खात्रीचा कशावरून? म्हणून 1975 साली एका आकड्याऐवजी खालची आणि वरची मर्यादा, म्हणजे पल्ला, देण्याची रीत पुढे आली. फ्रान्समध्ये साम्ब्युक यांनी त्याच वर्षी ती थायरॉइडच्या रोगनिदानासाठी सुचवली. डॉक्टरांचीही अडचण आमच्यासारखीच!

आता आमची यादी या रीतीने वाचू. दुसऱ्या कामगाराची दोन्ही टोके 0.7, रेषा 0.75. तो रेषेखाली, निर्णय झाला. टर्नरचा पल्ला 0.5 ते 0.9, रेषा त्याच्या मधूनच जाते. म्हणजे त्याचा निर्णय झालेलाच नाही. त्याला पुन्हा, धड लेथवर, तपासले पाहिजे. सरासरीने हा मतभेद पुसून टाकला होता; पल्ल्याने तो उघड ठेवला.

कोणी म्हणेल, मग मुद्दाम कमी गुण देऊन कोणाचाही पल्ला रुंद करता येईल. खरे आहे. लबाडी ओळखणे गणिताचे काम नव्हे. म्हणून गुणांशेजारी कारण लिहून घ्यावे.

आणि एक प्रश्न उरतोच. फेरचाचणी होईपर्यंत त्या टर्नरला मजुरी कोणत्या वर्गाची द्यायची? शंकेचा भार त्याने वाहायचा की कारखान्याने? हे कोणतेही सूत्र सांगणार नाही. ते वाटाघाटीच्या टेबलावरच ठरेल. आणि यापुढे सही करण्याआधी आम्ही ते विचारणार आहोत.