नगराचा ठराव आणि जगाचे रणांगण



शिकागो म्हटले की आपल्याला १८९३ ची सर्वधर्म परिषद आठवते. त्याच नगरीच्या सभागृहात ३१ जानेवारी २०२४ रोजी गाझातील युद्धविरामाचा ठराव मतास आला. बाजूने २३, विरोधात २३. महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी निर्णायक मत दिले आणि ठराव संमत झाला. तत्पूर्वी गोंधळामुळे प्रेक्षकसज्जा रिकामी करावी लागली होती. सभागृहातील एकमेव ज्यू सदस्या डेब्रा सिल्व्हरस्टीन विरोधात होत्या. त्या ठरावाने गाझातील तोफा थांबल्या नाहीत. शिकागोचे सभागृह मात्र बरोबर मधोमध दुभंगले.

मग नगराने जगाच्या दुःखाकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कलेच्या मतदारांनी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यवहार करणाऱ्या बँकांतून नगराचा पैसा काढून घेण्याचा कौल दिला. पैसा नगराचा, कौल नागरिकांचा आणि झळ सोसण्याची तयारीही त्यांचीच! पुढे अनेक शहरे त्या वाटेने गेली. १९८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध लादले.

अर्थात या मार्गालाही मर्यादा आहे. ब्रह्मदेशाशी व्यापार करणाऱ्या कंपन्यांना सरकारी खरेदीत अडसर घालणारा मॅसॅच्युसेट्स राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २००० साली अवैध ठरवला. काँग्रेसने ब्रह्मदेशाबाबत स्वतः धोरण आखले असता राज्याने त्यात आडवे येऊ नये, हा त्या निकालाचा आशय. राज्याची ही कथा, तर नगराची काय?

ही झळ भारतापर्यंतही पोहोचली. फेब्रुवारी २०२० मध्ये सिएटलच्या नगर परिषदेने नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध ठराव केला. मार्च २०२१ मध्ये भारतावर टीका करणारा ठराव शिकागोने २६ विरुद्ध १८ मतांनी फेटाळला. पहिल्याने जे संतापले, ते दुसऱ्याने सुखावले. हे स्वाभाविकच आहे. परंतु खरी कसोटी पुढेच आहे. उद्या एखाद्या परदेशी नगराने भारताच्या बाजूने ठराव केला, तर तोही अधिकाराबाहेरचा म्हणण्याचे धैर्य हवे. सोयीनुसार बदलतो त्याला तत्त्व म्हणत नाहीत.

नगराने आपल्या तिजोरीपुरते जरूर बोलावे. त्यापलीकडे बोलण्यापूर्वी एवढेच पाहावे, की युद्धात आप्त गमावलेली दोन्ही बाजूंची माणसे उद्या त्याच सभागृहात पाण्याची तक्रार घेऊन येणार आहेत. दोघांनाही ते सभागृह आपलेच वाटले पाहिजे.